क्लोनझिला वापरून बघा, विशेषतः दुकान एकाच कॉम्प्युटरवर चालत असेल तर

गिरगावात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं असलं काम. फाईली पेन ड्राईव्हवर कॉपी केल्या की झाला बॅकअप असंच मी धरून चालले होते. गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत हार्ड डिस्क टिकटिक वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी बंदच पडली. फाईली होत्या हो, पण विंडोज, डिझाईनचं कोरल, मराठी टायपिंग-फॉन्टचं श्रीलिपी, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं परत बसवण्यात चार दिवस गेले, आणि जुने फॉन्ट नसल्यामुळे पत्रिका उघडली की नवरीच्या नावाच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा भाचा म्हणाला, मावशी, अख्ख्या डिस्कची इमेज काढून ठेव, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, फाईली सगळ्यासकट हुबेहूब नक्कल. त्यानेच क्लोनझिला दिलं, अशी इमेज काढायचं आणि परत टाकायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, तैवानच्या लोकांनी बनवलंय. पेन ड्राईव्हवर टाकायचं, मशीन त्याच्यावरून चालू करायचं आणि इमेज दुसऱ्या एक्स्टर्नल ड्राईव्हवर काढायची. माझ्या ५०० जीबीच्या डिस्कमध्ये १४० भरलेले, तो भरलेला भागच वाचतो, त्यामुळे पाऊण तासात झालं. शेवटी इमेज परत टाकता येईल का ते तपासू का असं विचारतो, तिथे हो म्हणाच, थोडा वेळ जातो पण जाऊ दे. हे सगळं सुरू करायच्या आधी विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे (त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही) अडतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर डिस्कचा तो भाग (पार्टिशन) रिकाम्या जागेसकट अख्खा कॉपी होतो, मग वेळ आणि जागा दोन्ही जास्त.

माऊस नाही, नुसती बाणाची बटणं आणि इंग्रजी मेनू, पहिल्यांदा घाबरायला होतं. एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतात, त्यात कुठली डिस्क कुठली हे कंपनीचं नाव आणि साईज बघूनच ठरवा, कारण रिस्टोअरला, म्हणजे इमेज परत टाकताना, उलटं निवडलंत तर चांगली डिस्क पुसली जाईल. म्हणून तर तो दोनदा वाय दाबायला लावतो. आणि इमेजमधून एखादीच फाईल सहज काढता येत नाही, हे मला खटकतं, त्यामुळे रोजच्या फाईली मी अजूनही वेगळ्या कॉपी करते.

जूनमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क) घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदार ४८० जीबीची देत होता, ताई काही फरक नाही म्हणे. फरक आहे, नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की क्लोनझिला सरळ नाही म्हणतं. ५०० चीच घेतली. घरी येऊन इमेज टाकली, मशीन चालू केलं तर तोच गणपतीचा वॉलपेपर, कोरल उघडलं, पत्रिका उघडली, वेलांटीसुद्धा जागच्या जागी!

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकान बंद असताना इमेज काढते आणि तो ड्राईव्ह घरी कपाटात ठेवते, आमच्या गाळ्यात पावसाचं पाणी शिरतं.