माझदा १३बी रेनेसिस: घरी बांधलेल्या विमानात कसं चालतं?
आरएक्स-८ मोटारीतलं १३०८ सीसीचं हे दोन रोटरचं इंजिन विमानात सुरेख चालतं, कंपनं नावालाच. व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन नाहीत; त्यांच्या जागी फिरणारे त्रिकोणी रोटर. खरी ताकद ६००० आरपीएमच्या पुढे, म्हणून प्रोपेलरसाठी रिडक्शन गिअरबॉक्स (फेरे कमी करणारा) हवाच: २.८५:१ असेल तर ७५०० वर प्रोपेलर साधारण २६३० फेरे घेतो.

कस लागतो तो कूलिंगमध्ये. उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा ऑईल वाहून नेतं, त्यामुळे ऑईल कूलरमध्ये काटकसर अजिबात नको. इंजिन एकदा तापलं की हाउसिंगमधली (रोटरभोवतीच्या कवचातली) पाण्याची सील्स जातात आणि कूलंट थेट ज्वलनकक्षात शिरतं. मीटरिंग पंप (इंजिनात थोडं थोडं ऑईल सोडणारा) काढलात तर पेट्रोलच्या गॅलनमागे साधारण १ औंस टू-स्ट्रोक ऑईल घाला, नाहीतर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजतात. सायलेन्सर जाड स्टेनलेसचाच घ्या. एक्झॉस्ट इतका तापतो की पातळ पत्रा फाटतो.