128 एमबी रॅमचा राउटर आणि 4 टीबीची डिस्क: ओपनडब्ल्यूआरटी वापरून पाहिल्यावर

लग्नाची शूटिंग घेणाऱ्याला डिस्क किती लागतात ते विचारूच नका. म्हणून जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) चढवलं आणि त्यालाच 4 टीबीची यूएसबी डिस्क जोडली. रॅम 128 एमबी, पोर्ट यूएसबी 2.0. वेग बेताचाच, त्यावर रडण्यात अर्थ नाही.

एवढ्या रॅममध्ये एवढी डिस्क फॉरमॅट होत नाही, असं जुनेजाणते सांगतात ते उगाच नाही. ईएक्सटी4 ही लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, तिचा ब्लॉक 4 केबीचा. 4 टीबीत असे 97-98 कोटी ब्लॉक होतात, कोणता ब्लॉक भरलेला हे टिपायला प्रत्येकाला एक बिट धरला तरी नुसता नकाशाच 120 एमबीच्या पुढे जातो. हल्लीचं ई2एफएसप्रॉग्ज (ईएक्सटी4 फॉरमॅट करणारी, तपासणारी साधनं) हा नकाशा आटोपशीर ठेवतं, त्यामुळे कोरी डिस्क मुकाट फॉरमॅट होते. डिस्कच्या विभागणीचा (पार्टिशनचा) तक्ता मात्र जीपीटीच करा, जुना एमबीआर 2 टीबीशी अडतो.

खरी गंमत डिस्क माउंट केल्यावर, म्हणजे वापरायला जोडल्यावर. कोणी काही कॉपी करत नाही, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतोय. चालू प्रोग्राम दाखवणारी 'टॉप' कमांड लावून बघा, 'ईएक्सटी4लेझीइनिट' दिसेल. फॉरमॅट लवकर उरकावा म्हणून मागे ठेवलेलं आयनोड टेबल (आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलला लागणारी एक नोंद) ते आता सावकाश लिहीत बसतं. डिफॉल्ट हिशोबात दर 16 केबीला 256 बाइटचा एक आयनोड, म्हणजे 60 जीबीच्या वर! फॉरमॅट करताना 'लार्जफाइल4' हा पर्याय दिला की दर 4 एमबीला एकच आयनोड, सगळं मिळून अडीचशे एमबीत भागतं. जोडीला 'एम 0' द्या, नाहीतर रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) 5 टक्के, म्हणजे 200 जीबी अडकून पडतात.

तरीही पूर्ण तारे देत नाही, कारण एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी. लाइट गेली तर जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) सांभाळून घेतं, पण कधीतरी पूर्ण तपासणी करावीच लागते आणि भरलेल्या डिस्कला रॅम भरपूर लागते. पेनड्राइव्हवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) हवाच. तपासणीच्या ई2एफएससीके.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये 'स्क्रॅच_फाइल्स' लावून काही तक्ते रॅमबाहेर ठेवता येतात, पण उदाहरणांत दिसणारा 'व्हार' डिरेक्टरीखालचा फोल्डर तसाच उचलू नका. ओपनडब्ल्यूआरटीत व्हार म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा 'टेंप', आणि टेंप म्हणजे रॅमच! तोही पेनड्राइव्हवर न्या. तपासणी मग होते, फक्त रात्री लावून झोपायचं. घाई असेल तर डिस्क सरळ लॅपटॉपला लावा.

माझ्याकडून पाचात साडेतीन. नवीन काही घेणार असाल तर 512 एमबी रॅमच्या खाली बघू नका. आणि व्हिडिओऐवजी फोटोच ठेवणार असाल तर 'लार्जफाइल4' नको: 4 टीबीत आयनोड जेमतेम साडेनऊ लाख मिळतात, जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनणार नाही. तिथे 'लार्जफाइल' घ्या, त्यात दर 1 एमबीला एक आयनोड मिळतो.