बडोद्यात बनवून घेतलेला गिटारचा हेडस्टॉक

स्वतःच्या पसंतीचा हेडस्टॉक, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाचा खुंट्या बसवलेला भाग, करून घ्यायला निघालेला वादक बहुधा कागदावर त्याची बाह्यरेषा आधी काढतो, कारण गिटारचा हाच भाग दुरून ओळखू येतो. दांडिया बाजारालगतच्या गल्लीत तंतुवाद्ये घडवणारा आणि दुरुस्त करणारा एक लहानसा कारखाना आहे. तेथील मिस्त्रींनी माझे चित्र पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, “आकार मागाहून काढू, साहेब, आधी तारा कुठून जातात ते बघू.” या कारखान्याची शिफारस मी करतो ती मुख्यतः या क्रमासाठी.

त्यांनी पुठ्ठ्यावर नटच्या, म्हणजे मान आणि हेडस्टॉक यांच्यामधल्या, तारा पेलणाऱ्या पट्टीच्या, सहा खाचा आखल्या, खुंट्यांच्या जागी टाचण्या टोचल्या आणि प्रत्येक खाचेपासून टाचणीपर्यंत दोरा ताणला. दोरा खाचेतून बाहेर पडताना किंचितही वळला की ते टाचणी हलवीत. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉलसारख्या गिटारवर मधल्या दोन तारा नट ओलांडताच बाहेरच्या बाजूला वळतात. त्यामुळे खाचेत घर्षण वाढते, खुंटी फिरवली तरी तार क्षणभर अडकून राहते आणि मग एकदम उडी मारून सुराच्या पुढे जाते. ‘जी’ची तार वारंवार उतरते अशी तक्रार या गिटारांबद्दल नेहमी ऐकू येते, तिचे एक कारण हेच. सरळ वाटेचा हिशेब धरल्यावर माझा हेडस्टॉक टोकाकडे बराच निमुळता झाला आणि मूळ चित्रातला रुंद माथा गेला. त्याची मला खंत नाही. नामांकित कंपन्यांच्या नोंदणीकृत आकारांची नक्कल ते करून देत नाहीत, हेही योग्यच.

हेडस्टॉक मागे किती झुकवायचा, हा पुढचा प्रश्न. फेंडर कंपनीच्या गिटारचा हेडस्टॉक मानेला समांतर असतो, म्हणून बारीक तारांना खाली दाबून धरणारी छोटी पट्टी बसवावी लागते. गिब्सनचा साधारण १७ अंशांनी झुकतो, आणि एकाच लाकडातून कापल्यामुळे नटच्या मागे लाकडाचे रेषे तिरके तुटतात; त्यात ट्रस रॉडच्या, म्हणजे मान वाकू न देणाऱ्या आतल्या धातूच्या सळईच्या, खळग्याने तेथले लाकूड आणखी कमी झालेले असते, त्यामुळे गिटार पडली की ती नेमकी तिथेच मोडते. माझ्या महोगनीच्या मानेला १३ अंश ठरले. फळी तिरकी कापून, तुकडा उलटवून सरसाने जोडल्यामुळे रेषे हेडस्टॉकच्या लांबीतच धावतात. मागच्या बाजूला सांध्याची बारीक रेघ दिसते. ज्यांना ती खटकेल त्यांनी आधीच रंगाचे ठरवून घ्यावे. दर्शनी बाजूला शिसवीचा दोन मिलिमीटरचा थर आहे आणि त्याची कड कानशीने इतकी स्वच्छ उतरवली आहे की नखाला जोड लागत नाही.

तार दोन सूर ओढून सोडली तरी ती आता जागेवर परत येते. याचे सगळे श्रेय हेडस्टॉकला देता येणार नाही, कारण हाडाचा नटही त्यांनीच काळजीपूर्वक घासला आहे.

पॉलिशबाबत मात्र मी समाधानी नाही. काम ऐन पावसाळ्यात संपवण्यात आले, दमट हवेत लॅकर वाळताना कडेला दुधाळ पांढरेपणा आला आणि तो घासून पुन्हा हात द्यावा लागला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, पण हे टाळता आले असते. बडोद्यातला श्रावण त्यांना काही नवा नाही. सांगितलेली मुदतही बरीच उलटून गेली.

काम द्यायचे असल्यास दिवाळीनंतर द्यावे आणि खुंट्या आधीच विकत घेऊन सोबत न्याव्यात. बंद पेटीच्या खुंट्यांना साधारण दहा मिलिमीटरचे भोक लागते, जुन्या उघड्या पद्धतीच्या खुंट्यांना त्याहून लहान, आणि शिसवीवर एकदा मोठे पाडलेले भोक बुजवणे कारखान्यालाही आवडत नाही.