ऑस्टिओपॅथ की फिजिओ? ट्रॅकवरच्या कोचना काय पटतं

स्प्रिंटरचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, धरला की कोचला पहिला प्रश्न एकच पडतो, पोरगं परत फुल स्पीडने कधी पळणार. इथे फिजिओ सरळ पुढे आहे बघा, कारण तो लोड, म्हणजे स्नायूवर किती ताण टाकायचा ते ठरवतो, नॉर्डिकसारखे (गुडघ्यांवर राहून हळूहळू पुढे झुकायचे) व्यायाम देतो, ताकद मोजतो आणि आज ७० टक्के स्पीड, पुढच्या आठवड्यात ८० असं कोचच्या भाषेत बोलतो, त्यामुळे ट्रेनिंग प्लॅन बनवता येतो.

ऑस्टिओपॅथचं काम हाताचं, म्हणजे हातांनी दाबून, ताणून सांधे-स्नायू मोकळे करायचं. १८७४ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ही पद्धत सुरू केली, दुखतं तिथेच न बघता पाठ, कंबर, बरगड्या सगळं एकत्र बघायचं. हर्डलर किंवा भालाफेकवाल्यांची कंबर आखडली की एका सेशननंतर मोकळं वाटतं हे खरंय, पण तो मोकळेपणा बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो. आणि सांधा दाबताना येतो तो 'कट्' आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं असं नसतं हां, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज.

कोचची खरी भीती वेगळीच, अॅथलीटला सवय लागते, रेसच्या आधी 'अॅडजस्ट' करून घेतलं नाही तर डोकंच चालत नाही. कंबरदुखीसाठी ऑस्टिओपॅथीच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे, पण स्पीड वाढतो वगैरे दावे मला तरी पटत नाहीत. माझं विचाराल तर रिहॅब, म्हणजे दुखापतीतून परत उभं राहणं, फिजिओकडेच, ऑस्टिओपॅथ जोडीला चालेल, फक्त त्याने फिजिओशी आणि कोचशी बोलून काम करावं, आणि मोठ्या रेसच्या आदल्या दिवशी नवीन काही ट्राय करायचं नाही म्हणजे नाही.