पोर्टेबल चार्जर की भिंतीवरचा बॉक्स?

इलेक्ट्रिक गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर १६ अँपिअरच्या सॉकेटला लावत राहायचं, की ३२ अँपिअरची वेगळी लाइन ओढून भिंतीवर चार्जिंगचा बॉक्स बसवायचा? मी आठ महिने पहिलं केलं, आता वर्षभर दुसरं करतोय.

वेगाचा मुद्दा लोक उगाच ताणतात, असं माझं मत. पोर्टेबल तासाला साधारण ३ युनिट देतो, बॉक्स ७. रोजचं पळणं ४० किलोमीटरचं असेल तर ६-७ युनिट पुरतात, म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. गाडी तर रात्रभर उभीच असते. शिवाय घरच्या एसी (अल्टरनेटिंग करंट) चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवर लावतो तो एक हुशार स्विच. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर कितीही मोठा बॉक्स लावा, ती तेवढंच घेणार.

माझं गणित फिरलं ते प्लगमुळे. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, बॅटरी बरीच उतरलेली असेल तर गाडी मात्र सात-आठ तास सलग पूर्ण करंट ओढते. सॉकेटची पकड जरा सैल पडली की तापतं ते तिथेच. त्यात केबलच्या मधला ठोकळा लोंबकळून प्लग खाली ओढत होता. मी खिळा ठोकून तो टांगला, तरी मन खात राहिलं. झोपण्याआधी खाली जाऊन हाताची मागची बाजू प्लगला लावून बघायची सवयच जडली. कोमट असला की जिवाला बरं वाटायचं. एका रात्री हात झटकन मागे आला. प्लग काढला तर एका भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. सॉकेट बदललं, करंट १० अँपिअरवर आणला. पुन्हा काही झालं नाही, पण खाली जाणंही सुटलं नाही.

बॉक्समध्ये वायर थेट स्क्रूखाली जाते, मधे प्लगच नाही. त्यासाठी वीज कंपनीने तुमच्या मीटरला दिलेला मंजूर भार पुरतो का बघा, निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर १०ची), स्वतंत्र एमसीबी (करंट फार वाढला की लाइन तोडतो), आरसीसीबी (करंट गळला की तोडतो). अर्थिंग दोन्हीकडे चोख हवं. नसलं तर पोर्टेबलसुद्धा लाल दिवा लावून बसतो. बॉक्सचं दुखणं म्हणजे ॲप. पार्किंगमध्ये वायफाय धड पोचत नाही, म्हणून मी ते काढूनच टाकलं. केबल लावली की चार्जिंग सुरू होतं, मला तेवढं बास.

भाड्याच्या घरात असाल तर बॉक्सचा घाट कदाचित घालू नये. पण मग सॉकेटला तरी स्वतंत्र लाइन घ्या, आणि जमलं तर जाड गोल पिनांचं निळं औद्योगिक सॉकेट व त्याला जुळणाऱ्या प्लगचा पोर्टेबल.

माझा पोर्टेबल आता डिकीत पडून असतो. मागच्या महिन्यात मुक्कामी गेलो तिथे एका रात्रीपुरता लावला. अकरा वाजता चप्पल घालून हात लावून आलोच.