मेणवलीची सहल: घाट बघून परत येऊ नका, वाडा बघा

पुण्यातल्या एका हेरिटेज सहलवाल्यांबरोबर नुकतीच वाई-मेणवली केली, नाव लिहीत नाही कारण तक्रारी आहेत आणि माणसं तशी चांगली आहेत. पण या रूटवर आता बऱ्याच जणांच्या सहली निघतात म्हणून सविस्तर लिहितेय, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी सोयींचं उरकते. टेम्पो ट्रॅव्हलर स्वारगेटहून साडेसहाला निघणार होती, निघाली सव्वासातला, कारण दोन फॅमिली रिक्षातच होत्या आणि आयोजक "पाच मिनिटं ताई" म्हणत राहिले. शिरवळच्या अलीकडे नाश्ता, पोहे गार, चहा मात्र फक्कड. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावरून वाई, आणि वाईपासून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. गाडी स्वच्छ, ड्रायव्हरकाका एकदम शांत, पैसे ठीकच घेतले. दुपारचं जेवण वाईत एका घरी होतं, भाकरी, पिठलं, भरली वांगी आणि वर ताक, त्याला पैकीच्या पैकी.

आता मुद्दा. मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, म्हणजे जन्मगाव नाही हं, त्यांचं भानू घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं आणि नानांचा जन्म साताऱ्याचा, 1742 चा. मेणवली त्यांना 1768 मध्ये इनाम मिळाली आणि मग कृष्णेच्या काठावर त्यांनी वाडा, घाट आणि देवळं बांधून घेतली. आमच्या गाईडने (तरुण मुलगा, आवाज खणखणीत, अभ्यास कमी) आम्हाला थेट घाटावर नेलं आणि तिथे तासाच्या वर ठेवलं, कारण तिथे पिक्चरचं शूटिंग झालंय. कोण हिरो कुठल्या पायरीवर बसला होता हे दाखवण्यात बराच वेळ गेला आणि मग सगळ्यांचे फोटो. वाड्याच्या वाट्याला आली वीस मिनिटं! हे उलटं पाहिजे होतं हो.

घाट सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय. काळ्या दगडाच्या पायऱ्या पार पाण्यापर्यंत, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, मोठमोठी झाडं, गर्दी नसेल तर तासन्‌तास बसावं अशी जागा. देवळाजवळ छोट्या दगडी बांधकामात टांगलेली ती प्रसिद्ध घंटा आहे, वजन साधारण 650 किलो, ओतल्याचं साल 1707, आणि तिच्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि वेगवेगळ्या देवळांना दिल्या, त्यातली ही एक. भीमाशंकरला गेला असाल तर तिथेही अशीच पोर्तुगीज घंटा बघितली असेल. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. आमच्या गाईडने त्यात युद्धाची अशी काही वर्णनं घातली की एका आजोबांनी शेवटी विचारलं, "बाळा, तू होतास का रे तिथं?"

वाड्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती पुणेकरांना तर मुद्दाम सांगायला हवी. आपण लहानपणापासून शनिवारवाडा बघतो म्हणजे नक्की काय बघतो? दिल्ली दरवाजा, तटबंदी, नगारखाना आणि आत नुसती जोती, म्हणजे दगडी चौथरे. वरचं सगळं लाकूडकाम 1828 च्या आगीत गेलं. त्यामुळे पाहुण्यांना आपण "इथे गणेश महाल होता, इथे आरसे महाल होता" असं हवेत हात फिरवून सांगत असतो. मेणवलीला जे आपल्याकडे जळून गेलं ते अजून डोक्यावर उभं आहे. सागवानी खांब, त्यावर तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी छत, जाड जाड भिंतीतले कोनाडे, अंधारे जिने. पेशवाईतलं मोठं घर आतून कसं असायचं हे बघायला म्युझियममध्ये जायची गरज नाही.

सहा चौक आहेत वाड्याला. चौक म्हणजे नुसतं अंगण नाही, त्याच्यावर सगळ्या घराचा हिशोब चालतो. बाहेरच्या भिंतींना खिडक्या कमी आणि छोट्या, कारण सुरक्षा, मग उजेड आणि वारा आणायचा कुठून, तर चौकातून. चौकाच्या चारही बाजूंनी सोपे, म्हणजे उघड्या पडव्या, त्यामागे खोल्या, म्हणजे ऊन्हातान्हात दुपारी तिथे उभं राहिलं तरी गार वाटतं, जाड भिंती आणि उघडा चौक यांचं ते काम आहे, एसीवाल्या फ्लॅटमधल्या आम्हाला ते फारच जाणवलं. आणि चौकांना क्रम असतो. बाहेर कारभाराची वर्दळ, कारकून, जासूद, आलेगेले, जसजसं आत जावं तसतसं घर खासगी होत जातं, शेवटी बायकांचा वावर, स्वयंपाक, परसू. म्हणजे ऑफिस आणि घर एकाच छपराखाली, पण कोणी कुठवर यायचं हे न बोलता भिंतीच सांगतात.

मोजमापाचंही मजेशीर आहे. अशा वाड्यात दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांचं, आणि घर केवढं ते खणांत सांगायचं. अमुक खणी सोपा, तमुक खणी माजघर. आमच्यातल्या एका काकांनी, ते रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, हे सगळं आम्हाला समजावलं, गाईडने नाही! तुळई किती लांब टाकता येते त्यावर हे माप ठरतं, खाली दगडी जोतं, त्यावर लाकडाचा सांगाडा वजन घेतो आणि मधे विटामातीच्या भिंती भरलेल्या, असं ते दाखवत होते आणि आम्ही दहाबारा जण गाईडला सोडून त्यांच्या मागे. खरी सहल ती झाली.

भित्तिचित्रं अजिबात चुकवू नका. पुराणातले प्रसंग, देवदेवता, गेरूसारखा तांबडा आणि मातकट रंग, कुठे अगदी स्पष्ट, कुठे पोपडे गेलेले. मोबाईलचा फ्लॅश मारू नका एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं. ते कोणी सांगितलं नाही, शेवटी मीच दोघातिघांना सांगितलं आणि वाईट झाले. नानांचा म्हणून दाखवतात तो पलंगही आहे, लोक तिथे जास्त रेंगाळतात, मला त्यापेक्षा दारांच्या चौकटी आवडल्या. जुनी दारं बुटकी असतात, वाकूनच आत जावं लागतं, आमच्या ग्रुपमधल्या उंच मुलाने दोनदा कपाळ आपटून घेतलं.

आता गाईडने न सांगितलेली, माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट. नाना म्हणजे फडणीस, हिशोब आणि दफ्तराचा माणूस. साडेतीन शहाण्यांतले अर्धे, कारण बाकीचे तिघे तलवारही चालवायचे आणि हे फक्त डोकं. तर या वाड्यात त्यांचं मोडी लिपीतल्या कागदपत्रांचं प्रचंड दफ्तर होतं, मेणवली दफ्तर म्हणतात ते. पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी ते मिळवलं आणि त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहाबरोबर ते 1939 मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजला आलं. म्हणजे घर वाईजवळ आणि घरातली बुद्धी येरवड्याला, आपल्या शेजारी! पुण्याहून निघालेल्या सहलीत हे सांगायला नको? त्याऐवजी आम्हाला ऐकवलं काय, तर वाड्यातून भुयार थेट शनिवारवाड्यात निघतं. नव्वद किलोमीटर. मधे खंबाटकी. इंजिनिअर काका फक्त हसले.

पुण्यातही नानांचं बरंच आहे हे पण कोणी जोडून दाखवत नाही. शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा, लक्ष्मी रोडवरचं बेलबाग देऊळ, सदाशिव पेठेतला हौद. मेणवलीला जायच्या आधी एका सकाळी नाना वाडा आणि बेलबाग पायी करून घ्या, मग तिकडचे खांब बघताना डोळे आधीच तयार असतात. वेळ असेल तर वाईत पेशव्यांचे सरदार रास्ते यांचा मोतीबागेतला वाडाही आहे, चित्रांसाठी प्रसिद्ध, आमच्या सहलीत तो नव्हताच. ढोल्या गणपती मात्र होता, 1762 चं रास्त्यांचंच देऊळ, तिथे दर्शन झटपट झालं.

एक लक्षात ठेवा, मेणवलीचा वाडा आजही नानांच्या वंशजांकडे आहे, म्हणजे आपण कोणाच्या तरी घरात जातोय. आमच्यातली पोरं सोप्यावर चिप्स खात बसली आणि खांबाला टेकून रील काढत होती, आयोजकांनी एक शब्द काढला नाही. डागडुजी किती खर्चाची असेल याचा विचार करा, एवढं लाकूड, वाळवी, पावसाळे. तिकिटाचे पैसे देताना कुरकुर करणाऱ्यांना मला काही बोलायचं नाही.

रेटिंग द्यायचं तर जागेला पाच, जेवणाला पाच, ड्रायव्हरकाकांना पाच, गाईडला दीड आणि वेळेच्या नियोजनाला दोन. बुकिंग करताना स्पष्ट विचारा की वाड्यात किती वेळ देणार, दीड तासाच्या खाली सांगितलं तर सरळ स्वतःची गाडी काढा किंवा एसटीने वाई गाठा आणि तिथून रिक्षा करा. सकाळी लवकर पोचलात तर चौकांत उजेड छान असतो, आणि घाट काय, तो संध्याकाळीही तिथेच असतो. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात, म्हाताऱ्या माणसांना खाली नेऊ नका. टोपी, पाणी आणि छोटी टॉर्च घ्या, जिन्यांत लागते.