कोऱ्या वायरचे ११,८५० रुपये

साताऱ्याच्या आमच्या घरात माळ्यावर एक पॉवर प्लग काढून घ्यायचा होता. मुलगा बारावीला, अभ्यासाला वर बसतो, एप्रिलमध्ये पत्र्याखाली कूलरशिवाय बसवत नाही. एवढंसं काम. त्यात ११,८५० रुपये गेले आणि पोरगा थोडक्यात वाचला.

वायरमन ओळखीतून आला होता. पक्कं बिल का घेतलं नाही, असं मला बोलणाऱ्यांनी आधी सांगावं, तुम्ही कधी वायरमनकडे बिल मागितलंय? वहीच्या अर्ध्या पानावर त्याने लिहून दिलं: वायर ३,४००, आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडून वीज तोडणारा स्विच) २,६५०, बोर्ड आणि केसिंग १,३००, मजुरी ४,५००. आधी ६,००० घेतले, उरलेले ५,८५० काम झाल्यावर. सगळे रोख. नंतर फोन उचलला नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

वायरचं भेंडोळं माझ्या हातात होतं. शिडीवरून त्यानेच मागितलं. लाल वायर, आणि तिच्यावर एक अक्षर छापलेलं नाही. चांगल्या वायरवर कंपनीचं नाव, आयएसआयची खूण, किती चौरस मिमी ते थोड्या थोड्या अंतरावर छापलेलं असतं. स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा दुकानातून मीच वायर आणली होती, मला हे माहीत होतं! विचारलंसुद्धा. “ताई, मोठ्या बंडलातली तोडून आणलीय, छापलेला भाग तिकडे राहिला.” आणि मी भेंडोळं वर दिलं. तिथेच त्याला खाली उतरवायला हवं होतं. नवरा पुण्याला, सासूबाई आजारी, काम आटपायची घाई होती, पण डोळे तर उघडे होते ना माझे.

अर्थिंगही, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर जोडल्याचंही, त्याने दाखवलं. फेज (करंट येणारी) आणि अर्थच्या पिनला बल्ब लावला, लख्ख पेटला. माझा विश्वास बसला.

तीन आठवड्यांनी मुलगा कूलरमध्ये पाणी भरत होता, दुसरा हात खिडकीच्या गजावर. असा झटका बसला की तो मागे फेकला गेला. दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला. अर्थच्या पिनला न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत जायच्या वायरचाच तुकडा जोडलेला! म्हणून बल्ब पेटला होता. पुढे न्यूट्रलचा जॉइंट सुटला आणि कूलरच्या पत्र्यात करंट उतरला. जॉइंट कुठे, तर लाकडी फळ्यांवर, नुसती टेप गुंडाळून. वायर चाकूने खरवडली तर आतून पांढरी: अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आणि २,६५० ची आरसीसीबी म्हणजे साधी एमसीबी, भार जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडणारी. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, दाबलं की ती पडली पाहिजे. आजच जाऊन आपल्या घरातली दाबून बघा. हा दुसरा वायरमन म्हणाला, खरी बसवली असती तर पोराच्या अंगातून करंट जाताच ती क्षणात पडली असती. सगळं काढून परत करायला ६,२०० लागले.

मग हेलपाटे सुरू झाले. वीज कार्यालयात म्हणाले, मीटरच्या पुढचं आमचं नाही. चौकीत म्हणाले, हे दिवाणी आहे, आपसात मिटवा. पोराच्या जिवावर बेतलं ते कुणाशी मिटवू? तिसऱ्या ठिकाणी दोन तास बसवून विचारलं, त्याचा लायसन्स नंबर काय? नाही म्हटल्यावर, मग अर्ज कुणाविरुद्ध घेऊ? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे की घरातलं नवं वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करायचं. म्हणजे विनापरवाना काम केलं हाच त्याचा गुन्हा, आणि परवाना नाही म्हणूनच तो सुटला! हा कुठला न्याय? एकानेही घरी येऊन तो बोर्ड पाहिला नाही. तिघांनीही मलाच विचारलं, तुम्ही बघून का घेतला नाही.

कुणी काही म्हणो, पैसे ऑनलाइनच द्या. वायर आणि आरसीसीबी स्वतः दुकानातून आणा, बिलावर साइज लिहून घ्या. जुनी काढलेली वायर फेकू नका. माझ्याकडे त्या वायरचे तुकडे, ती एमसीबी आणि वहीचं ते पान पिशवीत बांधून ठेवलंय. आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, सोमवारी ती पिशवी घेऊन तिथे जाणार आहे.